ऐकलेलं आणि म्हटलेलं



सभागृहात यायच्या आधी मी पिलाजीराव गायकवाडांच्या छत्रीपाशी जाऊन आलो. बडोद्याजवळच्या या सावली गावाला येऊन तिथं न जाणं बरं दिसलं नसतं. १७३२ साली डाकोरला पिलाजीरावांचा खून झाला. मारवाडच्या अभयसिंहाचा माणूस काही गुप्त सांगायचं आहे असं भासवून त्यांच्या कानाशी वाकला आणि त्यानं कट्यार चालवली, अशी हकीकत सांगतात. त्यांच्या लोकांनी देह मही नदीच्या अलीकडे आणला आणि अग्नी दिला तो इथं, सावलीत. माझा आजचा विषयही कानाचाच आहे, म्हणून सुरुवात तिथून केली. कानावर काहीतरी येतं. जे आलं तेच समोरच्यानं म्हटलं होतं का, हे ऐकणाऱ्यानं कसं ठरवायचं?

ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे ते गुरुजी मला गणिताला होते. आपलं नाव वारंवार घेतलेलं त्यांना खपत नसे, तेव्हा मी ते घेत बसत नाही. त्यांनी आम्हाला नऊचा ताळा शिकवला. ३४७ गुणिले २६ बरोबर ९०२२. ३४७ च्या अंकांची बेरीज १४, तिची ५. २६ ची ८. पाच आठे चाळीस, म्हणजे ४. इकडं ९०२२ ची बेरीज १३, म्हणजे ४. ताळा जमला. मी एकदा घाईत ९०२२ च्या जागी ९२०२ लिहिलं, ताळा घेतला, तो जमला, आणि छाती काढून पाटी पुढं केली. गुरुजी म्हणाले, ‘ताळा चुकला तर उत्तर नक्की चूक. ताळा जमला तर उत्तर बरोबर असेलच असं नाही.’ पुढं माझी सगळी नोकरी टेलिफोनच्या धंद्यात, त्यातली बरीचशी मोबाइलच्या टॉवरखाली गेली. या एका वाक्याबाहेरचं मला तिथं फार काही लागलं नाही, असं म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

पत्रिकेत विषय मोठा छापला आहे: बिनतारी जाळ्यांतल्या चुकांची दुरुस्ती आणि क्वांटम संगणक. आधी चुकांकडं पाहू. टॉवरवरच्या अँटेनातून वीस-चाळीस वॉट बाहेर पडतात. शेजारचं मंजुसर सोडून सावलीकडं येताना तुमच्या खिशातल्या फोनपर्यंत त्यातलं किती पोचतं? एका वॉटचे दहा लाख कोटी भाग केले तर त्यातला एखादा. त्यात शेजारच्या टॉवरची कुरकुर, पत्र्याच्या शेडवरून उलटून आलेली तीच लहर, आणि फोनच्या आतल्या सर्किटची स्वतःची उष्णता. उष्णतेनं इलेक्ट्रॉन वळवळतात आणि त्याचाही आवाज होतो. या गलक्यात पाठवलेला एक शून्यासारखा ऐकू येतो, शून्य एकासारखा. एका टॉवरवर तक्रारींचा पाऊस पडत होता आणि आम्ही आठवडाभर सॉफ्टवेअर धुंडाळत होतो. शेवटी वर चढलेल्या पोरानं केबलचा कनेक्टर उघडला, तर आतून पावसाचं पाणी ओघळलं. चूक अशी कुठूनही येते.

मराठी माणसाला एका अक्षराच्या चुकीबद्दल वेगळं सांगायला नको. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि ‘ध’चा ‘मा’ भाषेत कायमचा राहिला. तो कोणी केला, केला की नाही, हे इतिहासकारांनी पाहावं. माझ्यापुरता मुद्दा असा की ती चूक नव्हती, लबाडी होती. लबाडीवरचा इलाज वेगळा, त्याला गुप्तलेखनशास्त्र म्हणतात, आणि ते दुकान माझं नव्हे. आमच्या धंद्यातली चूक निर्मळ असते, तिला हेतू नसतो.

तिच्यावर उपाय आपले पूर्वजही करत. जुन्या कागदांत ‘जासूदजोडी’ हा शब्द भेटतो. निरोपे जोडीनं निघत. एक वाटेत अडला तर दुसरा पोचेल. चेकवर आपण आकडा लिहितो आणि खाली पुन्हा ‘अक्षरी रुपये’ लिहितो. एकच गोष्ट दोनदा सांगितली की एकीतली खोट दुसरीवरून कळते. यात वाईट एवढंच की खर्च दुप्पट होतो. शिवाय दोन निरोप वेगळे निघाले तर खरा कुठला हे कळतच नाही. त्यासाठी तीनदा सांगावं लागेल आणि बहुमत घ्यावं लागेल. चार बिटांचा, म्हणजे चार एक-शून्यांचा, निरोप बारा बिटांत जाईल. स्पेक्ट्रमच्या लिलावात कोट्यवधी रुपये मोजणाऱ्याला हा सल्ला देऊन बघा.

१९४७ च्या सुमाराला अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग नावाचा गणिती शनिवार-रविवारी रिले-संगणकावर आपली गणितं लावून जात असे. यंत्राला चूक सापडली की ते हातातलं काम सोडून पुढच्याला लागे आणि सोमवारी हॅमिंगच्या हाती काही नसे. तो चिडला. यंत्राला चूक झाली हे कळतं, तर कुठं झाली हे का कळू नये? या चिडीतून १९५० साली जे छापून आलं ते मी आता फळ्यावर करून दाखवतो. छापील प्रतीत आकृती नसेल, तेव्हा वाचकांनी कागद-पेन्सिल घ्यावी.

तीन वर्तुळं काढा, अ, ब आणि क, एकमेकांत अडकलेली. त्यांचे सात कप्पे होतात: तिन्हींत सामाईक असा मधला एक, दोन-दोनांत सामाईक असे तीन, आणि फक्त एकेकाचे असे बाहेरचे तीन. निरोप चार बिटांचा: १, ०, १, १. अ-ब मध्ये १ लिहा, ब-क मध्ये ०, अ-क मध्ये १, मधोमध १. आता बाहेरचे तीन कप्पे असे भरा की प्रत्येक वर्तुळात एकांची संख्या सम होईल. अ मध्ये तीन एक झालेत, म्हणून बाहेर १. ब मध्ये दोन आहेत, बाहेर ०. क मध्येही दोन, बाहेर ०. हे सातच्या सात बिट पाठवा. वाटेत अ-क मधला १ बिघडून ० झाला असं समजा. ऐकणारा प्रत्येक वर्तुळ मोजतो. अ मध्ये तीन: विषम, बिघडलं. ब मध्ये दोन: ठीक. क मध्ये एक: बिघडलं. अ आणि क बिघडलेत, ब शाबूत आहे, म्हणजे चोर अ-क च्या कप्प्यात. तिथलं ० पुसून १ करा. काम बाराऐवजी सातांत झालं. प्रत्येक वर्तुळ म्हणजे एक ताळा, आणि मी आज ‘ताळा’ हाच शब्द वापरणार आहे. तो आपल्याकडं तयार असताना नवा घडवायचं कारण नाही.

इथं एका मराठी नावाशी थांबतो, कारण ते आपल्याच लोकांना फारसं ठाऊक नसतं. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे. १९१७ साली सागरला जन्म, शिक्षण नागपूरला, मग अमेरिकेत चॅपेल हिलला राजचंद्र बोस यांच्या हाताखाली पीएच.डी. आणि पुढं मुंबई विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. लॅटिन चौरसांबद्दल ऑयलरनं अठराव्या शतकात बांधलेला एक अंदाज बोस, श्रीखंडे आणि पार्कर या तिघांनी १९५९ साली खोटा ठरवला आणि त्याची बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर आली. हे निदान काहींना माहीत असतं. त्याच वर्षी बोस आणि श्रीखंडे यांचा आणखी एक निबंध आला, तो थेट कोडरचनेवर: हादामार नावानं ओळखल्या जाणाऱ्या, अधिक-उण्याच्या चौकोनी मांडण्या आणि चुका झेलणारे कोड यांचं नातं त्यात आहे. मरिनर ९ हे यान १९७१ साली मंगळाभोवती फिरू लागलं. तिथली छायाचित्रं ज्या कोडमधून पृथ्वीवर आली तो हादामार जातीचाच होता. सहा बिट पाठवायला बत्तीस बिट खर्ची घालायचे आणि बदल्यात त्यातले कुठलेही सात बिघडले तरी निभवायचं. त्या कोडवर श्रीखंड्यांची सही आहे असा दावा मी करत नाही. कागद-पेन्सिलीवर ज्या मुलखात ते वावरत होते, तो मुलूख पुढं अवकाशात कामाला आला, एवढंच. २०२० च्या एप्रिलमध्ये, वयाची एकशे दोन वर्षं पूर्ण करून ते गेले. टाळेबंदीच्या त्या दिवसांत सगळा देश व्हिडिओ कॉलवर जगत होता आणि त्यातला प्रत्येक कॉल चुका झेलणाऱ्या कोडवर तरला होता.

आता मोठं पाऊल. १९६० साली एमआयटीत रॉबर्ट गॅलॅगर या विद्यार्थ्यानं प्रबंधात सुचवलं की सातच का, हजारो बिट घ्या आणि हजारो ताळे लावा, पण प्रत्येक ताळ्यात मोजकेच बिट येऊ द्या. विरळ ताळ्यांचे कोड. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना एलडीपीसी म्हणतात. १९६३ साली ते पुस्तकरूपानं आलं आणि विसरलं गेलं, कारण ते सोडवायला लागणारं यंत्र त्या काळी नव्हतं. १९९३ साली फ्रान्समध्ये बेरू आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टर्बो कोड मांडले. गोंगाटातून बिनचूक किती नेता येईल याची जी अंतिम मर्यादा शॅनननं १९४८ साली आखून दिली, तिच्या इतकं जवळ कोणी पोचेल यावर लोकांचा विश्वास बसेना. मग मॅके आणि नील यांनी गॅलॅगरचा जुना प्रबंध झटकून वर काढला, तर त्यातही तेच बळ निघालं. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या रिनो शहरी ५जी चे नियम ठरवणारी मंडळी बसली. खूप घासाघीस होऊन ठरलं: माहिती वाहून नेण्यासाठी गॅलॅगरचे कोड, आणि नियंत्रणाच्या निरोपांसाठी तुर्कस्तानच्या अरिकान यांचे पोलर कोड. थोडक्यात, ४जी टर्बोवर चालतं आणि ५जी, ठरलं तेव्हाच छप्पन्न वर्षं जुन्या झालेल्या एका प्रबंधावर.

सावलीकरांचा यात हातभार आहे. इथल्या कारखान्यात, जो २००८ साली बॉम्बार्डियर म्हणून उघडला आणि आता आल्स्टॉम आहे, दिल्ली-मेरठच्या नमो भारत गाड्या बांधल्या गेल्या. पहिली गाडी ७ मे २०२२ ला इथूनच सुपूर्द झाली. या मार्गावर ड्रायव्हरला ‘किती पुढं जा’ हे सांगायचं काम रेडिओ करतो, तोही ४जी जातीचा, एलटीई. म्हणजे तुमच्या हातची गाडी आत्ता धावत असेल तर टर्बो कोडची उकल क्षणोक्षणी चालू आहे. दुरुस्तीच्या पलीकडं तिथं आणखी एक ताळा असतो, चोवीस बिटांचा, केवळ खात्रीसाठी. तो जमला नाही तर निरोप फेकून द्यायचा आणि पुन्हा मागायचा. गाडीच्या बाबतीत ‘ऐकू आलं नाही’ हे उत्तर चुकीचं ऐकण्यापेक्षा शतपटीनं बरं.

कोड घालणं सोपं असतं, ते कारकुनी काम. घाम फुटतो तो उकलताना. सात बिटांत चोर पकडणं डोळ्यांना जमतं. हजारो बिट असतील आणि त्यातले शंभर बिघडले असतील, तर प्रश्न असा होतो: सगळे ताळे जमवणाऱ्या जेवढ्या म्हणून ओळी शक्य आहेत, त्यातली मी ऐकलेल्या गोंगाटाला सर्वांत जवळची कोणती? मोजून पाहायचं म्हटलं तर विश्वाचं वय पुरणार नाही. सर्वसाधारण कोडसाठी हा प्रश्न अतिशय अवघड जातीचा आहे हे बर्लेकॅम्प, मॅकएलिस आणि व्हॅन टिलबोर्ग यांनी १९७८ सालीच सिद्ध करून ठेवलं आहे. आणि वेळ? ४जी मध्ये निरोप आला की चार मिलिसेकंदांनी ‘मिळाला’ किंवा ‘पुन्हा पाठवा’ हे उत्तर निघालंच पाहिजे. सगळं सोडवणं त्याच्या आत.

म्हणून आपण खरं उत्तर शोधत नाही, गॅलॅगरनंच सुचवलेली कुजबुज चालवतो. प्रत्येक बिट म्हणतो, माझ्या कानावर आलं त्यावरून मी सत्तर टक्के एक आहे. प्रत्येक ताळा आपल्या बिटांना सांगतो, बाकीच्यांचं ऐकता तू शून्य असायला हवास. बिट आपलं मत बदलतो, पुन्हा सांगतो. अशा दहा-वीस फेऱ्या झाल्या की बहुधा गावाचं एकमत होतं आणि ते बहुधा बरोबर असतं. कधी फसतं? बिट आणि ताळे यांच्या जाळ्यात लहान फेरे असले की. आपणच उठवलेली आवई चार घरं फिरून आपल्याच कानावर आली की माणूस म्हणतो, ‘बघा, मी म्हणत नव्हतो?’ अगदी हेच इथं होतं. चूक स्वतःच्याच प्रतिध्वनीवर पोसली जाते.

क्वांटमवाले शिरले ते या फटीतून. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात काइल जेमिसन यांच्या गटानं २०१९ साली आधी अनेक अँटेनांचे मिसळलेले सिग्नल वेगळे करण्यासाठी क्वांटम यंत्र वापरून पाहिलं. २०२० साली श्रीकर कासी आणि जेमिसन यांनी विरळ ताळ्यांच्या कोडची उकल त्यावर केली. यंत्र कॅनडातल्या डी-वेव्ह कंपनीचं, २०४८ क्युबिटांचं, म्हणजे क्वांटम बिटांचं. हे यंत्र वाटेल तो प्रोग्रॅम चालवत नाही, त्याला एकच काम येतं. मंजुसरच्या वर्कशॉपमधली मंडळी ते लगेच ओळखतील: अनीलिंग. लोहाराला पोलाद नरम करायचं असलं की तो ते लाल करून राखेत पुरतो आणि हळूहळू निवू देतो. सावकाश निवताना आतले कण कमीत कमी ताणाची जागा शोधून बसतात. संगणकशास्त्रानं ही युक्ती फार पूर्वी उसनी घेतली होती. क्वांटम प्रकारात उष्णतेच्या हिसक्यांऐवजी क्वांटमची थरथर वापरतात. या कल्पनेच्या मुळाशी कलकत्त्याच्या साहा इन्स्टिट्यूटमधलं, बिकास चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं १९८९ चं काम आहे. तिला नीट घाट आला तो १९९८ साली जपानमध्ये, कादोवाकी आणि निशिमोरी यांच्या हातून.

महीच्या काठची कोतरं, म्हणजे घळी, तुम्ही पाहिली आहेत. पाऊस पडला की पाणी उतारानं जातं, पण सगळं नदीला मिळत नाही, बरंचसं मधल्या खळग्यांत अडकून राहतं. नेहमीचा संगणक असाच अडकतो: जवळचा खळगा गाठतो आणि समजतो, हाच तळ. क्वांटमच्या नियमांत मधल्या पातळ बांधातून आरपार झिरपण्याची थोडी मुभा आहे. तेवढ्यावर सगळी आशा.

कासी-जेमिसन यांची खरी करामत मला यंत्रात दिसत नाही, दिसते ती प्रश्नाची कोतरं करण्यात. त्यांनी दोन दंड लावले. पहिला हिशेबाचा. एका ताळ्यात तीन बिट आहेत, त्यांची बेरीज सम हवी. ‘सम हवी’ हे या यंत्राच्या भाषेत सरळ सांगता येत नाही. मग त्यांनी प्रत्येक ताळ्याला एक मदतनीस बिट दिला आणि दंड असा ठरवला: तिघांची बेरीज करा, त्यातून मदतनिसाची दुप्पट वजा करा, उरेल त्याचा वर्ग. १, १, ० आले तर बेरीज दोन, मदतनीस १ होतो, उरतं शून्य, दंड नाही. १, ०, ० आले तर बेरीज एक. मदतनिसानं काहीही केलं तरी दंड एक बसतोच. १, १, १ आले तरी एक. दुसरा दंड कानाचा. एखादा बिट नव्वद टक्के एक वाटत असेल आणि तुम्ही १ म्हणालात, तर ०.९ शी फरक ०.१, त्याचा वर्ग ०.०१. ० म्हणालात तर दंड ०.८१. सगळे दंड एकत्र केले की डोंगरदऱ्यांचा एक नकाशा होतो, आणि त्याचा सर्वांत खोल तळ म्हणजे आपल्याला हवी असलेली ओळ. कान आणि हिशेब यांना किती-किती वजन द्यायचं, हे मात्र हात बसवून ठरवावं लागतं. कानाला फार मान दिला तर ताळे तुटतात. हिशेबाला फार दिला तर सगळे ताळे जमवणारी भलतीच ओळ हाती येते. गुरुजींच्या पाटीवरचं ९२०२.

मग हा नकाशा चिपवर बसवायचा. चिपवरचा एक क्युबिट फार तर सहा शेजाऱ्यांना जोडलेला असतो. आपल्या बिटाला दूरच्या कुणाशी बोलायचं असेल तर दोन-तीन क्युबिटांची साखळी बांधून त्यांना बजावावं लागतं, की तुम्ही सगळे एकच आहात. या बांधाबांधीत २०४८ क्युबिट संपतात आणि मावतो तो ४२० बिटांचा कोड, २८० ताळ्यांसह. चिप निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या हजार भागांपैकी पंधरा भागांवर ठेवलेली असते. अवकाशातला गारठा तिच्या तुलनेत वैशाखातली बडोद्याची दुपार आहे.

निकाल असा. सिग्नल गोंगाटाच्या नऊ डेसिबल वर असताना दहा कोटी बिटांत एक चूक, एवढी सफाई वीस मायक्रोसेकंदांत आली. दीड हजार बाइटांच्या चौकटी घेतल्या तर दहा लाखांत एक बिघडलेली, आणि त्याला पन्नास मायक्रोसेकंद. त्यांनी तुलनेला घेतलेल्या, नेहमीच्या चिपवरच्या कुजबुजीच्या उकलीपेक्षा इथं अडीच ते साडेतीन डेसिबल दुबळा सिग्नल पुरला. तीन डेसिबल म्हणजे निम्मं. टॉवरनं निम्म्या ताकदीनं बोललं तरी ऐकू यावं, ही टॉवरखाली आयुष्य काढलेल्या माणसाला हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही. मी तो निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

तिसऱ्या फेरीला मात्र वही काढली. वीस मायक्रोसेकंद हा केवळ अनीलिंगचा वेळ आहे. यंत्रात प्रश्न भरणं आणि उत्तर वाचून घेणं यांना मिलिसेकंद लागतात, आणि ते त्यात धरलेले नाहीत. ते पुढं कमी होतील असं लेखकांनी गृहीत धरलं आहे, आणि तसं लिहिलंही आहे. म्हणजे सूरत ते बडोदा विमानानं दहा मिनिटांत गेलो असं सांगायचं आणि विमानतळावरचे तीन तास सोडून द्यायचे. दुसरं, ४२० बिट. ५जी च्या एका ठोकळ्यात निरोपाचेच ८४४८ बिट असू शकतात, ताळ्यांचे वेगळे. तिसरं, वीज. शीतयंत्रासकट हे यंत्र सुमारे २५ किलोवॉट खातं, तर नेहमीची उकलणारी चिप बोटाच्या पेराएवढी असते आणि तुमच्या खिशातल्या बॅटरीवर चालते. एका टॉवरखाली हे यंत्र ठेवणं वेडेपणा आहे, आणि कुणी तसं म्हणतही नाही. म्हणणं असं आहे की शेकडो टॉवरांचे सिग्नल फायबरनं एका जागी आणावेत आणि तिथं एक क्वांटम यंत्र सगळ्यांची उकल करील. कासी यांच्याच गटानं पुढं याचा विजेचा आणि खर्चाचा ताळेबंद मांडला, हा त्यांचा प्रामाणिकपणा मला आवडला. फायदा दिसायला लागतो तो क्युबिट दहा लाखांच्या पुढं गेल्यावर. डी-वेव्हचं २०२० मध्ये आलेलं पुढचं यंत्र पाच हजारांचं आहे.

त्यात एक गंमत आहे. क्युबिट स्वतःच इतके चुकतात की त्यांच्या चुका झेलायलाही कोड लागतात. आयबीएमच्या लोकांनी २०२४ साली ‘नेचर’मध्ये जो कोड मांडला, त्यात बारा क्युबिट सांभाळायला २८८ लागतात, आणि तो गॅलॅगरच्याच घराण्यातला, विरळ ताळ्यांचा आहे. त्याची उकल कोण करतं? शेजारी ठेवलेला साधा संगणक. टेलिफोनच्या चुका निस्तरायला बोलावलेला पाहुणा आपल्या चुकांचं गाठोडं घेऊन आला. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं.

तर माझं मत विचाराल तर ते असं. येत्या काही वर्षांत गुजरातेतल्या वा महाराष्ट्रातल्या एकाही टॉवरची उकल क्वांटम यंत्रावर होणार नाही. जो कुणी तसं सांगून शेअर विकेल त्याच्यापासून लांब राहा. पण हा अभ्यास वाया गेलेला नाही. प्रश्नाची कोतरं करण्याची ही रीत साध्या संगणकालाही उपयोगी आहे, आणि त्याच गटानं पुढं पोलर कोडसाठी थोडं काम साध्या संगणकावर, थोडं क्वांटमवर अशी वाटणीही करून पाहिली. मला वाट तीच दिसते. आपल्याकडं केंद्र सरकारनं २०२३ च्या एप्रिलमध्ये क्वांटम मोहिमेला सहा हजार तीन कोटींवर रुपये मंजूर केले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मुंबईची टीआयएफआर, पुण्यातली डीआरडीओची तरुण शास्त्रज्ञांची प्रयोगशाळा आणि टीसीएस यांनी मिळून सहा क्युबिटांच्या प्रोसेसरची चाचणी पुरी केली. कुणी म्हणेल, सहाच? मी म्हणतो, सहा आपले आहेत, आणि आकडा खरा सांगितला आहे.

कोड मात्र शिकायला पैसे लागत नाहीत. बोस आणि श्रीखंडे यांच्याकडं क्युबिट नव्हता, संगणकही म्हणावा असा नव्हता. सयाजीराव महाराजांनी बडोद्यात कलाभवन काढलं ते १८९० साली, आणि आपल्या भाषेत ज्ञान यावं म्हणून पुस्तकमाला चालवल्या. ताळा, उकल, दंड, खळगा: आज एवढे शब्द मला पुरले, हे तुम्ही पाहिलंत.

इथं शिक्षक बसले आहेत, त्यांना एक विनंती करून थांबतो. उद्या वर्गात तीन वर्तुळं काढा. सातवीतल्या मुलाला ती कळतात, मी करून पाहिलं आहे. एक बिट बिघडवा आणि पोरांना चोर पकडू द्या. मग त्यांच्या नकळत दोन बिट बिघडवा. काय होतं ते मी मुद्दाम आतापर्यंत सांगितलेलं नव्हतं. पोरं सापडलेला चोर दुरुस्त करतील, तिन्ही ताळे जमतील, सगळा वर्ग ‘बरोबर’ म्हणून ओरडेल. तेव्हा मूळचा निरोप त्यांच्यापुढं ठेवा.